आखाडा आणि रस्ता : आत्मसंरक्षणविद्येच्या इतिहासातील एक प्रकरण

आखाड्यात उतरणाऱ्या मल्लाला पुष्कळ गोष्टी आधीच ठाऊक असतात. प्रतिस्पर्धी एकच आहे, तो निःशस्त्र आहे, पायाखाली मऊ माती आहे, हातसलामी झाल्याखेरीज कोणी अंगावर येणार नाही, आणि मर्यादा ओलांडली गेलीच तर थांबविण्यास पंच उभे आहेत. रात्री बाजारातून घरी परतणाऱ्या वाटसरूला यांपैकी एकाही गोष्टीची शाश्वती नसते. अंगावर येणारा एक आहे की तिघे, त्याच्या हाती काय आहे, तो कोणत्या बाजूने येईल, हे त्याला कळत नाही. पायाखाली दगड असतात, अंगावर रोजचे कपडे असतात आणि मदतीस कोणी येईल की नाही याचा भरवसा नसतो. साहजिकच प्रश्न उपस्थित होतो की, तालमीत वर्षानुवर्षे घाम गाळून संपादन केलेली नियमबद्ध विद्या अशा प्रसंगी खरोखर उपयोगी पडते काय? की रस्त्यासाठी वेगळीच विद्या हवी?

हा प्रश्न केवळ तर्काने सुटणारा नाही. इ. स. १८८२ ते १९५६ या सुमारे पाऊणशे वर्षांच्या काळात जपान, इंग्लंड आणि चीन येथे त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. तिचा वृत्तान्त बोधप्रद आहे, आणि त्याचा आरंभ एका देवालयात झाला, ही गोष्ट देवस्थानांशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित असलेल्या कुटुंबांस विशेष वाटावी अशी आहे.

आपल्याकडील परंपरा

परदेशाकडे वळण्यापूर्वी आपल्या परंपरेकडे दृष्टी टाकणे इष्ट ठरेल. तलवारीचा सराव तलवारीनेच केला तर शिष्य उरणार नाहीत, आणि नुसते हवेत हात फिरविले तर विद्या येणार नाही, ही अडचण आपल्या पूर्वजांनी ओळखली होती. फरीगदगा हे तिचे उत्तर होय. ढालीच्या जागी चामड्याची लहान फरी आणि तलवारीच्या जागी चामडे मढविलेला गदगा घेतला की, वार पूर्ण जोराने करता येतो आणि तो चुकविण्याची धडपडही खरी असते. भाल्याच्या सरावासाठी टोकाला कापडाचा गोळा बांधलेली बोथाटी वापरीत. गोळा रंगात बुडविला म्हणजे वार कोठे लागला हे अंगरख्यावरील डागावरून कळे. शस्त्राची धार काढून घ्यावयाची, परंतु झुंजीचा जोर राखावयाचा, असे हे तत्त्व आहे.

तथापि धार काढून घेतलेली विद्या कालांतराने शोभेची होण्याचा संभव असतो. दांडपट्ट्याचे हात आज बहुधा मिरवणुकीत पाहावयास मिळतात. गोव्यात शिगमोत्सवातील घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधून आणि हाती तलवार घेऊन वीर नाचतात. पराक्रमाची ती स्मृती आहे आणि ती जपलीच पाहिजे. परंतु त्या तलवारीने आता कोणाचे संरक्षण व्हावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते. विद्या, क्रीडा आणि सोहळा या तीन पायऱ्या जगात सर्वत्र आढळतात. उतरण कोठे लागते हे ओळखणे महत्त्वाचे.

मंदिरातील बारा चटया

जपानमध्ये १८६८ साली मेइजी राजवट आली आणि १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी झाली. जुन्या युद्धविद्यांचा आश्रय तुटला. जुजुत्सु नावाची निःशस्त्र झुंजीची जी विद्या होती, तिचे गुरू उपजीविकेस मोतद झाले. अशा काळात जिगोरो कानो हा लहान चणीचा विद्यार्थी, दांडग्या सोबत्यांच्या त्रासाला कंटाळून, ती विद्या शिकू लागला. त्याचा जन्म १८६० चा. दोन निरनिराळ्या घराण्यांची विद्या त्याने आत्मसात केली आणि १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत आपली स्वतंत्र शाळा उघडली. पहिल्या वर्षी शिष्य अवघे नऊ होते. शिष्य आपटले जाऊ लागताच मंदिराची तक्तपोशी हादरे आणि पूर्वजांच्या स्मृतिफलकांचीही स्थिती डळमळीत होई, असे त्या काळाचे वर्णन आहे. हीच शाळा पुढे कोडोकान या नावाने जगभर प्रसिद्धीस आली आणि तिच्या विद्येला जुदो हे नाव मिळाले.

कानोने केलेली सुधारणा नीट समजून घेतली पाहिजे. जुन्या घराण्यांत डोळे, कंठ अशा मर्मस्थानी करावयाचे आघात आणि हाडे मोडणारे पेच होते. ते जोडीदारावर पूर्ण जोराने करणे अशक्य असल्यामुळे पुष्कळ शिक्षण ठराविक हालचालींच्या पाठांतराने चाले. त्याला काता म्हणतात. कानोने घातक पेच बाजूला काढून कातामध्ये सुरक्षित ठेवले, आणि उरलेल्या फेकी व पकडी घेऊन मोकळी झुंज रोजच्या शिक्षणाचा गाभा बनविली. तिला रांदोरी म्हणतात. वरकरणी पाहता त्याने विद्येचे दातच काढले. पण परिणाम उलट झाला. १८८६ च्या सुमारास टोकियो पोलिसांच्या आश्रयाखाली कोडोकान आणि जुन्या घराण्यांचे मल्ल यांचे जे सामने झाले, त्यांत कोडोकानच्या शिष्यांनी बाजी मारली. घातक पेच केवळ पाठ असणाऱ्यापेक्षा, थोडेच पेच पण प्रतिकार करणाऱ्या माणसावर रोज करून पाहणारा श्रेष्ठ ठरला. फरीगदग्याचे तत्त्वच येथे निराळ्या भूमीवर सिद्ध झाले.

ही विद्या भारतातही आली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून ताकागाकी शिंझो हे जुदोचे आचार्य १९२९ मध्ये शांतिनिकेतनात आले आणि तेथील मुलांबरोबर मुलींनाही त्यांनी शिक्षण दिले.

बंगळूरचा इंग्रज आणि लंडनचे रस्ते

ज्या १८६० साली कानो जन्मला, त्याच साली बंगळूर येथे एडवर्ड विल्यम बार्टन-राइट या इंग्रजाचा जन्म झाला. व्यवसायाने तो अभियंता होता. नोकरीनिमित्त जपानात काही वर्षे राहून त्याने जुजुत्सुचा अभ्यास केला आणि १८९८ मध्ये तो लंडनला परतला. त्या काळी लंडनच्या वर्तमानपत्रांत रस्त्यावरील गुंडांच्या टोळ्यांची चर्चा सतत चाले. बार्टन-राइटने विचार केला की, सभ्य गृहस्थाजवळ तलवार नाही, पिस्तूल नाही. आहे ती हातातील काठी, अंगावरील कोट आणि स्वतःचे हातपाय. त्याने जुजुत्सु, इंग्रजी मुष्टियुद्ध, फ्रेंच पद्धतीची लाथ आणि पिएर विग्नी या स्विस शिक्षकाची काठी यांची सांगड घातली, आणि स्वतःच्या आडनावाचा आरंभ जुजुत्सुच्या शेवटास जोडून तिला बार्तित्सु असे नाव दिले. अंतर दूर असेल तर काठी, जवळ आले तर मूठ व लाथ, आणि अंगाला भिडले तर जपानी पकड, अशी त्याची योजना होती. रस्त्याच्या गरजेतून आरंभ करून मागे विद्येकडे जाणारी ही आधुनिक काळातील एक पहिलीच पद्धत म्हणता येईल.

१९०० मध्ये त्याने युकिओ तानी आणि सादाकाझु उयेनिशी या तरुण जपानी मल्लांना लंडनला आणविले. परंतु त्याची संस्था १९०२ च्या सुमारास बंद पडली. शेरलॉक होम्सच्या १९०३ मधील एका कथेत नायक आपला जीव वाचल्याचे श्रेय या विद्येला देतो, तेथेही तिचे नाव चुकीचेच छापले गेले. बार्टन-राइट १९५१ मध्ये विस्मृतीत वारला. मात्र त्याने आणलेले बीज उयेनिशीच्या शाळेत रुजले, आणि त्याचे फळ एका वेगळ्याच ठिकाणी दिसून आले.

पाच फूटही उंची नसलेली शिक्षिका

उयेनिशीच्या शाळेत विल्यम गॅरड आणि त्याची पत्नी ईडिथ ही दोघे शिकत होती. ईडिथचा जन्म १८७२ चा. तिची उंची चार फूट अकरा इंच. १९०७ मध्ये वाटमाऱ्यांना जुजुत्सुने लोळविणाऱ्या स्त्रीवर निघालेल्या एका लघुचित्रपटात तिने काम केले. १९०८ मध्ये उयेनिशीने इंग्लंड सोडल्यावर शाळा या दांपत्याकडे आली आणि स्त्रिया व मुले यांचे वर्ग ईडिथ चालवू लागली.

त्याच सुमारास इंग्लंडातील स्त्रियांचा मताधिकारासाठी लढा तीव्र झाला होता. १८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे तीनशे स्त्रिया संसदेकडे निवेदन घेऊन गेल्या असता, पोलीस आणि जमाव यांच्याकडून त्यांना कित्येक तास मारहाण व विटंबना सोसावी लागली. तो दिवस इतिहासात काळा शुक्रवार या नावाने ओळखला जातो. १९१३ मध्ये असा कायदा झाला की, तुरुंगात उपोषण करून क्षीण झालेल्या स्त्रीला सोडून द्यावयाचे आणि प्रकृती सुधारली की पुन्हा पकडावयाचे. मांजर उंदराला खेळविते तसाच हा प्रकार असल्यामुळे लोकांनी त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हटले. चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना पुनःपुन्हा होणाऱ्या अटकेपासून वाचविण्यासाठी सुमारे तीस स्त्रियांचे एक अंगरक्षक दल उभारण्यात आले. त्यांना ईडिथ गॅरडने गुप्तपणे शिक्षण दिले. शिकवण्याच्या जागा वरचेवर बदलल्या जात.

या स्त्रिया आपल्या घोळदार पोशाखात जे आयुध लपवून नेत, ते इंडियन क्लब या नावाने इंग्लंडात प्रसिद्ध होते. म्हणजे आपल्या तालमीतील मुद्गलाची जोडीच! एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ती हिंदुस्थानात पाहिली, आपल्या देशी नेली आणि तिची लहान आवृत्ती तेथील व्यायामशाळांत रूढ झाली. बलोपासनेसाठी फिरविला जाणारा मुद्गल लंडनच्या रस्त्यावर स्त्रियांच्या संरक्षणास उभा राहिला.

दोन प्रसंग

या दलाच्या इतिहासातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही १९१४ सालचे.

पहिला फेब्रुवारीतील. लंडनमधील एका चौकात घराच्या सज्जावरून पँकहर्स्ट यांनी भाषण केले. खाली पोलीस वाट पाहत होते. भाषण संपल्यावर बुरखा घेतलेली एक स्त्री अंगरक्षकांच्या गराड्यात दाराबाहेर पडली. पोलीस तुटून पडले, झटापट झाली, ती स्त्री पकडली गेली. बुरखा दूर होताच ती पँकहर्स्ट नव्हे असे आढळले. तोपर्यंत खऱ्या पँकहर्स्ट निघून गेल्या होत्या.

दुसरा ९ मार्चचा, ग्लासगो येथील सेंट अँड्र्यूज सभागृहातील. सभेला सुमारे चार हजार श्रोते होते. व्यासपीठाच्या कडेला फुलांच्या माळांत काटेरी तार दडवून ठेवली होती आणि मागे अंगरक्षक स्त्रिया बसल्या होत्या. भाषणास आरंभ होऊन थोडाच वेळ झाला असता पोलीस व्यासपीठावर चढले. हजारो लोकांसमक्ष मुद्गल आणि दंडुके यांचे उघड युद्ध झाले. स्त्रियांनी शौर्याची शर्थ केली, पोलिसांना तारेने आणि पेचांनी बेजार केले. पण पँकहर्स्ट यांना अटक झालीच.

शिक्षण तेच, धैर्य तेच, शिक्षिका तीच. जेथे उघड झुंज झाली तेथे संख्या आणि बळ वरचढ ठरले. जेथे झुंज केवळ काही क्षण वेळ मिळविण्यासाठी वापरली गेली, तेथे हेतू साध्य झाला. रस्त्यावरील आत्मसंरक्षणाचे मर्म या दोन प्रसंगांत साठविले आहे. आखाड्यात प्रतिस्पर्ध्याला चीत करणे हा विजय असतो. रस्त्यावर सुखरूप घरी पोहोचणे हाच विजय असतो. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवरायांनी अफझलखानाची भेट घेतली, ती अंगरख्याखाली चिलखत घालून आणि विश्वासू माणूस बाजूला ठेवून. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीत जिवा महालाच्या पट्ट्याच्या हाताचा जितका गौरव आहे, तितकाच त्याला सोबत नेणाऱ्या दूरदृष्टीचाही आहे.

शांघायचा पोलीस

तिसरा अध्याय चीनमधील. विल्यम फेअरबेर्न हा इंग्रज १९०७ मध्ये शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलीस दलात दाखल झाला. ते बंदर त्या काळी गुन्हेगारीसाठी कुप्रसिद्ध होते. नोकरीच्या आरंभीच रस्त्यावरील हल्ल्यात तो जबर जखमी झाला, आणि बरा झाल्यावर त्याने एका जपानी शिक्षकाकडे जुजुत्सु शिकण्यास आरंभ केला. पुढे कोडोकानचा काळा पट्टाही त्याने मिळविला. म्हणजे रस्त्यावरील झुंजीचा हा सर्वांत प्रसिद्ध शिक्षक स्वतः नियमबद्ध विद्येचा रीतसर पदवीधर होता, हे लक्षात ठेवावयास हवे.

१९२६ मध्ये त्याने डिफेंडु नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या अनुभवाचे सार असे : भय दाटले असता बोटांचे बारीक कौशल्य नाहीसे होते, श्वास अपुरा पडतो आणि पाठ केलेले पंचवीस पेच आठवत नाहीत. म्हणून चारपाचच हालचाली शिकवाव्यात. तळहाताच्या टाचेचा हनुवटीखाली धक्का, तळहाताच्या कडेचा आघात, गुडघा, आणि पकड सोडविण्याच्या साध्या युक्त्या. त्या इतक्या घोटाव्यात की विचार न करता घडाव्यात. १९४० मध्ये तो इंग्लंडला परतला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने ब्रिटिश कमांडोंना हीच विद्या अधिक घातक रूपात शिकविली. १९६० मध्ये तो वारला.

तथापि युद्धातील सैनिक आणि रस्त्यावरील नागरिक यांतील भेद विसरून चालणार नाही. सैनिकाला शत्रू संपवावयाचा असतो, नागरिकाला निसटावयाचे असते. सैनिकी पद्धती रस्त्यावर जशीच्या तशी आणणे हे आखाड्याची पद्धती रस्त्यावर आणण्याइतकेच चुकीचे होय.

मूळ घराचे परतीचे पाऊल

मूळ घरी, कोडोकानमध्ये, या काळात काय घडत होते? कानो १९३८ मध्ये आगबोटीवर प्रवासात असताना निधन पावले. जुदो क्रीडा म्हणून जगभर पसरत होता; १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेशही झाला. परंतु क्रीडेच्या नियमांत चाकू नाही, काठी नाही, मागून गळा धरणारा नाही. ही उणीव कोडोकानच्या आचार्यांना जाणवली असली पाहिजे, कारण १९५६ मध्ये त्यांनी गोशिन-जुत्सु, म्हणजे आत्मसंरक्षणविद्या, या नावाचा एक नवा काता सिद्ध केला. त्यात एकवीस पेच आहेत : बारा निःशस्त्र हल्लेखोराविरुद्ध आणि नऊ सशस्त्राविरुद्ध. या नवांत सुरा, काठी व पिस्तूल यांना प्रत्येकी तीन. ज्या संस्थेने घातक भाग बाजूला काढून मोकळ्या झुंजीला अग्रस्थान दिले, तिनेच चौऱ्याहत्तर वर्षांनंतर रस्त्याची पुन्हा आठवण केली. यावरून पहिली सुधारणा चुकली असे ठरत नाही. बाजूला काढलेली वस्तू कोठे ठेवली होती, हे घर विसरले नव्हते, एवढेच ठरते. दांडपट्टा, फरीगदगा आणि लाठी यांच्या बाबतीत आपल्याकडे ही आठवण कितपत शिल्लक आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव यांनी या विद्यांना सामुदायिक शिस्तीचे रूप दिले आणि त्याच नगरीत द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली व्यायाम ज्ञानकोशाचे खंड निघाले, म्हणूनच पुष्कळ हात आज निदान नावाने तरी ओळखता येतात.

कायद्याची मर्यादा

आत्मसंरक्षणाचा विचार कायद्याशिवाय पुरा होत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलमे ९६ ते १०६ यांत खासगी बचावाचा हक्क मान्य केला होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली असून तो हक्क आता कलमे ३४ ते ४४ यांत आहे. तत्त्व तेच राहिले : बचावासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा करावी, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाही. पूर्वी गोव्यात लागू असलेल्या १८८६ च्या पोर्तुगीज दंडसंहितेनेही बेकायदा हल्ला, पोलिसांचे साहाय्य मिळण्याची अशक्यता आणि साधनाची वाजवी गरज या अटी घातल्या होत्या. दोन भिन्न परंपरांतील कायदेपंडित जेथे पोहोचले, तेथेच ईडिथ गॅरडच्या शिष्याही अनुभवाने पोहोचल्या होत्या. पडलेल्या हल्लेखोराला उठून पुन्हा मारणे हे शौर्यही नव्हे आणि संरक्षणही नव्हे. न्यायालयात तर तो गुन्हाच ठरेल.

उपसंहार

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष थोडक्यात असा. बार्टन-राइट, ईडिथ गॅरड आणि फेअरबेर्न या तिघांनीही रस्त्याची विद्या शून्यातून निर्माण केली नाही. ती त्यांनी तालमीच्या भांडारातून निवडून घेतली. भांडारच रिकामे असते तर निवड कशातून होणार? उलट, भांडार भरलेले असूनही रस्त्याची परीक्षा कोणी घेतली नसती तर ते प्रदर्शनात ठेवण्यापुरतेच उरले असते. नियमबद्ध विद्या शरीराला तोल, श्वासाला दम आणि मनाला धीर देते, व ही कमाई आठ दिवसांच्या शिबिरात होत नाही. रस्त्याची विद्या सावधपणा, थोडक्या हालचाली आणि निसटण्याची तयारी शिकविते, व ही शिकवण वीस वर्षे कुस्ती केल्याने आपोआप मिळत नाही.

म्हणून मुलामुलींच्या शिक्षणात दोहोंना स्थान असावे. प्रथम सूर्यनमस्कार, मल्लखांब, कुस्ती वा जुदो यांपैकी एखादी नियमबद्ध विद्या कसून करावी; त्याबरोबर गर्दीत, प्रवासात व एकांतात सावध कसे राहावे, आवाज केव्हा द्यावा, हात कसा सोडवावा आणि धाव केव्हा घ्यावी याचे शिक्षण द्यावे. मुलींच्या बाबतीत तर ही गरज अधिक निकडीची आहे, कारण त्यांना रस्त्यावर मोकळेपणाने वावरू देणे हाच या विद्येचा खरा उद्देश आहे. धोका आहे म्हणून त्यांना घरात बसविणे हा संरक्षणाचा मार्ग नव्हे. टोकियोतील एका मंदिराने बारा चटयांची जागा दिली आणि नऊ शिष्यांच्या आपटण्याने हादरणारी तक्तपोशी सहन केली. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा आणि प्राकार बारा चटयांपेक्षा निश्चितच प्रशस्त आहेत.